शिकाऱ्यापुढचा बैल

पौषात हरभऱ्याच्या पानांवर आंब धरते. सकाळी वावरातून चालत गेलं की धोतराचा काठ, नडग्या, हाताची बोटं, सगळं आंबट-खारट होतं आणि पायावर कुठे ओरखडा असला तर तो चुरचुरत राहतो. नंदुरबारात राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली. शाळा आणि घर यांच्यामध्ये हरभऱ्याचं एकही रोप नाही. तरी भाजीवाली ओल्या हरभऱ्याच्या जुड्या घेऊन दाराशी बसली की ती आंब माझ्या जिभेवर येते, आणि मग कितीही गूळ खाल्ला तरी जात नाही.

या वर्षी भाजीवाली आली तेव्हा माझी मुलगी शालू ओट्यावर उन्हाला पाठ देऊन बसली होती. तिचं मॅट्रिकचं वर्ष. मांडीवर इंग्रजीचं पुस्तक. मी जुडीतले घाटे सोलत होतो.

"नाना, स्टॉकिंग हॉर्स म्हणजे काय हो?"

"दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे."

"पण यात खांदा कुठंय? यात घोडा आहे."

"अर्थ तोच."

"म्हणजे तुम्हालाही येत नाही!" ती हसली. "वर्गातल्या मुली म्हणतात, तुझे नाना हा एक वाक्प्रचार दरवर्षी गाळतात. मी म्हटलं, परीक्षेला येत नसेल."

"नाही येत."

"मग मीही गाळते." तिनं पान उलटलं.

तो परीक्षेला येतो. चांगला दोनदा आलेला मी पाहिला आहे. फळ्यावर मी त्याच्या आधीचा लिहितो, त्याच्या नंतरचा लिहितो, आणि मधली जागा फडक्यानं नुसतीच पुसतो. असं करण्याला कारण आहे तापीकाठचं एक वावर. ते दित्यानं आणि त्याच्या आधी त्याच्या बापानं कसलं होतं, आणि माझ्या एका शब्दावर ते दित्याच्या हातून गेलं.

त्या इंग्रजी शब्दाचा उगम साधाच आहे. विलायतेत बंदुका फार लांब मारा करीत नसत तेव्हाची गोष्ट. दलदलीत रानबदकं उतरत. माणसाची सावली दिसली तरी सगळा थवा उठे. पण कुरणात चरणाऱ्या घोड्याचं पाखरांना काही वाटत नसे. घोडं रोजचंच. म्हणून शिकारी एखादं गरीब, वयस्क घोडं धरी आणि त्याच्या आडून वाकून चाले. घोडं दोन घास खाई, चार पावलं सरके, पुन्हा मान खाली घाली. पाखरं बघत आणि पुन्हा चिखलात चोच घालत. बंदूक पुरेल एवढं अंतर आलं की शिकारी घोड्याच्या मानेखालून नेम धरी. पुढे पुढे खऱ्या घोड्याचीही गरज उरली नाही. कापड चौकटीवर ताणून, रंगवून घोडा केला तरी पाखरं फसत. त्यानंतर कधीतरी तो शब्द माणसांना लागला. ज्याला पुढे करून मागचा माणूस आपला डाव साधतो, तो. कधी माणूस, कधी नुसती सबब, कधी निवडणुकीत उभा केलेला उमेदवार.

आपल्याकडे खांद्यावर बंदूक ठेवतात, ते याच्या जवळचं आहे, पण तेच नाही. खांदा फक्त ओझं सोसतो. समोरच्याला बंदूक दिसत असते. त्या इंग्रजी घोड्याचं काम वेगळं. त्याच्यावर समोरच्याचा विश्वास असतो, आणि शिकार होते ती त्या विश्वासाची. शब्दकोशात घोड्याचा अर्थ दिला आहे, शिकाऱ्याचा दिला आहे. शिकार संपल्यावर घोड्याला काय वाटलं, ते कुठेच दिलेलं नाही.

आमच्याकडे घोडा नव्हता. बैल होता. लाखेच्या रंगाचा, म्हणून लाख्या.

मी तेव्हा नुकताच शाळेत लागलो होतो. शनिवारी दुपारी नंदुरबारहून निघायचं, कोरीटकडून पायी तापीच्या बाजूला उतरायचं, रविवार घरी काढायचा. त्या साली हरभऱ्यात काळविटांनी थैमान घातलं होतं. पहाटे कळपच्या कळप येत आणि शेंडे खुडून जात. माझे मोठे भाऊ, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, त्यांच्याजवळ पीकराखणीची परवान्याची बंदूक होती. पण मोकळ्या काळ्या रानात माणूस दिसला की कळप पार क्षितिजाला. आप्पा चडफडत परत येत. मग दित्यानं लाख्या मागून घेतला.

दित्या आमचं कूळ. वयानं आप्पांएवढा, रविवारी, म्हणजे दितवारी, जन्मलेला म्हणून दित्या. नदीकडे उतरणारं एक वावर त्याच्याकडे होतं. पीक अर्धं आमच्या खळ्यात येई, अर्धं त्याच्या झोपडीत जाई. त्यानं लाख्याला घडवलं. पुढ्यात पेंड ठेवायची आणि पाठीमागे पत्र्याचा डबा बडवायचा. आधी लाख्या दोर तोडून पळे. मग नुसता कान हलवी. मग तेही करीनासा झाला.

पहिल्या दिवसाचं धुकं मला अजून दिसतं. नाल्यावरून उठून ते हरभऱ्यावर गुडघाभर पसरलेलं. मी लाख्याच्या मानेशी दोर धरून, आप्पा त्याच्या फऱ्याआड बंदूक घेऊन. दित्या बांधावर बसून आम्हाला शिकवत होता.

"मास्तर, पाय बैलना पायसंगे टाक. हरनले च्यार पाय दिसाले पाहिजेत, आठ नही."

"आन तोंड बंद ठेव," आप्पा मागून म्हणाले. "तुन्हं इंग्रजी ऐकीसन हरन धुळ्यापावत पयी जाई."

दित्या तोंडावर गमछा धरून हसला. मीही हसलो. मग आम्ही तिरके तिरके सरकत गेलो. लाख्या घास घेई, आम्ही थांबू. तो चाले, आम्ही चालू. त्याच्या अंगाची ऊब माझ्या गालाला लागत होती. जवळ गेल्यावर एका काळविटानं मान वर केली. तोंडात हरभऱ्याचा शेंडा, हलणारा जबडा. त्यानं लाख्याकडे पाहिलं. मी ती नजर लाख्याच्या गळ्याखालून पाहिली. तिच्यात भीती नव्हती. आपल्या ओळखीचं कुणी दारावरून जाताना आपण जसं बघतो, तसं ते बघत होतं. बघून झालं आणि त्यानं मान खाली घातली. मग आवाज झाला.

आमच्या घरात मांस शिजत नसे. दित्याच्या झोपडीपुढे त्याच्या बायकोनं, जमनीनं, तीन दगडांवर हंडी चढवली. आणि तिथं मला त्यांची एक रीत कळली. पहिला वाटा बंदूकवाल्याचा नाही. पहिला वाटा दोर धरणाऱ्याचा. जनावर जवळ येऊ देतं ते त्याच्यामुळे. मी संकोचून बसलो होतो, तर जमनी पळसाच्या पानावर वाढत म्हणाली, "मास्तर, तू खाशी का नुस्ता दोर धरशी?" सगळे हसले. मी खाल्लं. चांगलं लागलं, हेही सांगितलं पाहिजे.

आप्पांना ती रीत फार आवडली. पुढे प्रत्येक शिकारीला ते मोठ्यांदा म्हणत, "पहिला वाटा मास्तरना!"

त्या हिवाळ्यात लाख्या एक गोष्ट शिकला, आणि ती त्याला कुणी शिकवली नव्हती. बंदुकीच्या टप्प्यात आलं की तो आपणहून थांबे आणि आडवा उभा राही. दोराला हिसका द्यावा लागत नसे. शिकाऱ्याला जेवढी आड लागते तेवढी तो बरोबर देई आणि मान खाली घालून चरू लागे. आप्पा कौतुकानं त्याची पाठ थोपटत. मी त्याच्या डोळ्यात बघण्याचं टाळत असे. आज इतक्या वर्षांनी मी जे काही बोलतो ते त्या आडव्या उभ्या राहण्याबद्दल आहे. मागे कोण आहे आणि पुढे काय होणार हे मुक्या जनावराला ठाऊक नसतं, म्हणून ते निर्दोष, असं मी पुष्कळ दिवस मानलं. मला तसं मानायचं होतं. पण जे जनावर नेमक्या जागी आपोआप थांबतं, त्याला काहीच ठाऊक नाही असं कसं म्हणायचं?

काही वर्षं गेली. काळविटं विरळ झाली, लाख्या म्हातारा झाला. मग कायदा आला की जमीन कसणाऱ्याची. गावोगाव त्याच एका गोष्टीची कुजबुज. कूळ मामलेदार साहेबांसमोर उभं राहून म्हणालं, मी आपल्या खुशीनं वावर सोडतो, तर ते मालकाकडेच राहणार होतं. नाही म्हणालं तर कुळाचं होणार होतं. दित्याला कायद्याची बातमी होती. पण बातमी आणि भरवसा यांत अंतर असतं, आणि त्या अंतरात मला पाठवण्यात आलं.

"तू जाय," आप्पा म्हणाले. "मन्हं तो ऐकाव नही. तुन्हं ऐकी."

"काय सांगू?"

"हेच, का वावर तुन्हंच शे. साहेबना समोर एकदाव सोडी दे, मंग जशा व्हता तशा कसत ऱ्हाय. आपलं घर काय परकं शे का?"

आम्ही दमणीत बसून गेलो. नाल्याच्या वळणावर, बाभळीच्या आड आप्पांनी बैल थांबवले आणि मला उतरवलं. ते स्वतः दमणीतच बसले. असाच पौष होता. दित्या आणि जमनी ओल्या हरभऱ्याची रोपं तुराट्यांच्या जाळावर भाजून हुळा करत होते. मला बघून दोघांचे चेहरे फुलले. दित्यानं गमछा झटकून माझ्यासाठी अंथरला. राखेतले घाटे हातावर चोळून, फुंकून माझ्या ओंजळीत घातले. काळ्या झालेल्या बोटांनी मी ते खात खात त्याला सगळं सांगितलं. मी चांगलं सांगतो. शिकवणं हाच माझा धंदा.

तो बराच वेळ राखेत काडी फिरवत होता. मग त्यानं कायद्याचं काही विचारलं नाही, आप्पांचं काही विचारलं नाही. त्यानं विचारलं, "मंग पुढला साल बी हरभराच पेरू का, मास्तर?"

मी म्हणालो, "पेर."

एवढाच तो शब्द. त्या हिवाळ्यातला माझा सगळा आवाज त्या दोन अक्षरांत गेला आहे असं मला वाटतं.

दित्या साहेबांपुढे उभा राहिला आणि राजीखुशीनं बोलला. होळी झाल्यावर तो नांगर घेऊन वावरावर गेला तर तिथं आमचे गडी केळीचे खड्डे खणत होते. तो कुणाशी भांडला नाही. माझ्याकडेही आला नाही. मी वाट बघत होतो, त्यानं येऊन मला शिव्या द्याव्यात म्हणून. पुढे तो आणि जमनी दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जाऊ लागले. एका पावसाळ्यात तापानं तो गेला. ते मला दोन महिन्यांनी कळलं, तेही बाजारात.

मी लोकांना सांगत असे, आणि सगळ्यांत जास्त स्वतःला, की मला आप्पांनी फसवलं. मला काय माहीत! पण दित्याकडे जाण्याच्या आदल्या दिवशी मी ओसरीवर पेपर तपासत बसलो होतो आणि आत आप्पा आईला सांगत होते, "येत्या साली तठे केळी लावसूत. कंद सांगी ठेयेल शेतस." मी ते ऐकलं होतं. लाल पेन्सिल क्षणभर थांबली होती आणि पुन्हा चालू लागली होती. म्हणजे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी दमणीतून उतरलो, चालत गेलो, आणि नेमक्या जागी आडवा उभा राहिलो.

केळी चांगली धरली. पहिला घड उतरला तो आप्पांनी गाडीवानाबरोबर नंदुरबारला माझ्या घरी पाठवला. निरोप होता, "पहिला वाटा मास्तरना." यात टोमणा नव्हता. तसं असतं तर बरं झालं असतं. आप्पांच्या मनात खरोखरच ती रीत होती, आणि ती पाळण्यात त्यांना आनंद होता. दरवर्षी घड येत राहिला. शालू लहान होती, ती गाडीची घुंगरं ऐकून रस्त्यावर धावे. माझी बायको शिकरण करी. मी पानावरून उठण्याची काही ना काही सबब शोधी, आणि शेवटी खाई.

मग दित्याच्या मुलानं, जतऱ्यानं, अर्ज केला आणि चौकशी पुन्हा निघाली. आप्पा स्वतः आले. खांद्यावरून घड उतरवून त्यांनी कोपऱ्यात ठेवला, शालूच्या डोक्यावर हात फिरवला, चहा बशीत ओतून प्याले.

"साहेब तुले इचारी, दित्या राजीखुशीमा बोलना का? तू म्हन, हाऊ. बस."

"आन मी दुसरं काही म्हनं तर?"

"तर केळीसनी मुळं उपटीसन तुन्हा दारशे लई येसू, आन तठेच लावसू!" ते मोठ्यानं हसले. हसता हसता माझ्याकडे बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, घर एक शे ना आपलं?"

घर एक होतं. बापाच्या मागे त्यांनीच मला शिकवलं, माझी फी भरायला स्वतः अनवाणी फिरले. हेही खरंच आहे आणि ते मी कुठे ठेवू हे मला आजही कळत नाही. चौकशीच्या तारखेपर्यंत तो घड कोपऱ्यात पिकत राहिला. दिवसागणिक त्याचा वास दाट झाला. पुस्तकांना, अंथरुणाला, शाळेच्या कोटाला तो वास. बायको म्हणाली, "उद्या काळा पडेल, वाटून टाकू का?" मी म्हणालो, राहू दे.

साहेब तरुण होते, सभ्य होते. एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला जतऱ्या आणि त्याच्यामागे पदर घट्ट ओढून जमनी. साहेबांनी विचारलं, दित्या आपल्या खुशीनं बोलला का?

"हो," मी म्हणालो. "खुशीनं बोलला. कारण वावर त्याच्याकडेच राहील असं मी त्याला सांगितलं होतं. ते खोटं होतं."

"खोटं आहे हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"होतं. मी सांगत होतो तेव्हा माझे भाऊ नाल्याच्या वळणावर दमणीत बसले होते."

साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. जमनीनंही पाहिलं.

बाहेर लिंबाखाली आप्पा पागोटं हातात घेऊन उभे होते. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "तू दोर सोडी दिधा, मास्तर." आणि स्टँडकडे चालू लागले. तेव्हापासून त्यांनी माझ्या दाराची पायरी चढलेली नाही. मी गावी गेलो तर ते मागच्या दारानं वावरात निघून जातात.

निकाल जतऱ्याच्या बाजूनं लागला. केळी निघाली. गेल्या वर्षी तिथं काही नव्हतं, या वर्षी हरभरा आहे, असं कोरीटचा एक विद्यार्थी बोलता बोलता म्हणाला.

शालूला मी दोन दिवसांनी बोलावलं आणि त्या वाक्प्रचाराचा अर्थ नीट सांगितला. बदकांपासून सुरुवात केली आणि वावरापर्यंत आलो. शेवटी ती म्हणाली, "काकांच्याकडून यायची ती केळी त्याच वावरातली?"

"हो."

"तुम्ही मला धावत जाताना बघत होता," ती म्हणाली. पुस्तक मिटून ती आत गेली, आणि त्या दिवशी पुन्हा ओट्यावर आली नाही.

त्या रविवारी मी वावरावर गेलो. कशासाठी, हे मला धड सांगता येणार नाही. माफी मागायला म्हणावं तर कुणाची? ज्याची मागायची तो नाही. मला वाटतं, हरभरा खरंच पेरला आहे का ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. ऊन नुकतं वर आलं होतं. उतारावर हिरवं दाट पीक होतं, घाट्यांनी लगडलेलं. जमनी आणि जतऱ्याची बायको वाकून रोपं उपटत होत्या. बाजूला तुराट्यांचा ढीग होता, पेटवायचाच बाकी. मला बांधावर बघून सुनेनं ओळखीचं हसून काडेपेटीकडे हात नेला. जमनीनं तिचा हात धरला.

ती सावकाश उभी राहिली. केस सगळे पांढरे झाले आहेत.

"हरभरा चांगला शे," मी म्हणालो.

"शे."

मग तिनं विचारलं, "एकलाच उना का, मास्तर?"

"हाऊ. एकलाच."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं कपाळावर आडवा हात धरला आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, मी आलो त्या वाटेकडे. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मी पुन्हा म्हणालो, खरंच एकटा आहे. तिनं मान डोलावली, जसं पोराच्या बोलण्याला डोलावतात, आणि सुनेला म्हणाली, "जाय वं, नालापावत देखी ये."

सून पदर खोचून निघाली. ती परत येईपर्यंत जमनी हरभऱ्यात आणि मी बांधावर, असे आम्ही उभे राहिलो.